‘अंगठा लागत नाही’ या उत्तरामागे

सावित्री नदीच्या काठी महाडजवळ वसलेले सव हे गाव गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे परिचित आहे. परंतु महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील इतर कोणत्याही गावाप्रमाणे सवच्या रहिवाशांचाही शासकीय योजनांशी येणारा संबंध गेल्या काही वर्षांत यंत्राच्या काचेवर ठेवलेल्या बोटातून किंवा मोबाइलवर येणाऱ्या सहा आकडी ओटीपीतून जाऊ लागला आहे. रास्त भाव दुकानातील धान्य, पीएम-किसानचा हप्ता, शिधापत्रिकेतील प्रत्येक सदस्याची ई-केवायसी, 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी 2025 मध्ये मागवण्यात आलेली ई-केवायसी, या प्रत्येक ठिकाणी समोरची व्यक्ती तीच आहे याची खातरजमा संगणक करतो आणि ती झाली नाही तर काम तिथेच थांबते. काम थांबल्यावर रांगेतल्या माणसाच्या कानावर पडणारी वाक्ये मोजकी असतात: अंगठा लागत नाही, सर्व्हर डाऊन आहे, ओटीपी येत नाही. या तीन वाक्यांच्या मागे यंत्रणेच्या आत कित्येक वेगवेगळी कारणे स्वतंत्र क्रमांकांसह नोंदलेली असतात, आणि ती कारणे काउंटरपर्यंत का पोहोचत नाहीत हा तांत्रिक वाटणारा प्रश्न प्रत्यक्षात कोणाच्या खेपा वाढतात याच्याशी जोडलेला आहे.

व्यक्ती जी असल्याचे सांगते तीच ती आहे हे तपासण्याच्या क्रियेला संगणकाच्या परिभाषेत प्रमाणीकरण म्हणतात. हे काम नाजूक असल्यामुळे प्रत्येक प्रोग्रामरने ते स्वतः नव्याने लिहू नये असा संकेत आहे. त्यासाठी जाणकारांनी आधीच लिहून तपासलेले तयार कोड असतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. ॲप लिहिणारा प्रोग्रामर लायब्ररीला विनंती करतो, लायब्ररी दूरच्या सर्व्हरशी बोलते आणि ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर आणून देते. यशाचे उत्तर एकच असते, पण अपयशाची उत्तरे अनेक असतात, आणि लायब्ररी ती क्रमांक आणि छोटे वर्णन अशा रूपात ॲपच्या हाती ठेवते. यालाच त्रुटीसंदेश किंवा एरर म्हटले जाते. त्या एररचे पुढे काय करायचे हे मात्र लायब्ररी ठरवत नाही. तो निर्णय ॲप लिहिणाऱ्याचा असतो.

या विषयाचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रातच सुरू झाले. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले आधार क्रमांक वाटण्यात आले. त्यानंतर 2017 आणि 2018 च्या सुमारास राज्यातील रास्त भाव दुकानांत ई-पॉस यंत्रे आली आणि धान्यवाटप आधारच्या प्रमाणीकरणाला जोडले गेले. सवमधल्या दुकानात बोट ठेवले जाते तेव्हा स्कॅनर ठशाची माहिती कुलूपबंद करतो, म्हणजे ती कोणालाही वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात बदलतो. मग ती विनंती योजना राबवणाऱ्या यंत्रणेच्या सर्व्हरकडे, तेथून आधार क्रमांक देणाऱ्या प्राधिकरणाने परवाना दिलेल्या मध्यस्थ संस्थेकडे आणि शेवटी आधारच्या केंद्रीय भांडाराकडे जाते. उत्तर त्याच वाटेने उलटे येते. उत्तरात होय किंवा नाही, व्यवहाराचा क्रमांक, वेळ, आणि ‘नाही’ असेल तर एररचा क्रमांक असतो.

हे क्रमांक जवळून पाहण्यासारखे आहेत. 300 म्हणजे बोटाचा ठसा नोंदीशी जुळला नाही. भातलावणीत, वीटभट्टीवर किंवा खडी फोडण्यात झिजलेल्या बोटांच्या बाबतीत हा क्रमांक येणे स्वाभाविक आहे, आणि अशा वेळी बोट पुसून पुन्हा ठेवणे किंवा दुसरे बोट वापरणे याचा खरोखर उपयोग होतो. 330 म्हणजे आधारधारकाने स्वतःच आपली बायोमेट्रिक माहिती लॉक करून ठेवली आहे; येथे बोट शंभरदा ठेवले तरी उत्तर बदलणार नाही, लॉक उघडावे लागेल. 811 म्हणजे त्या व्यक्तीची बायोमेट्रिक माहिती भांडारातच नाही. 997 म्हणजे आधार क्रमांक सक्रिय नाही, आणि 998 म्हणजे क्रमांक चुकीचा आहे किंवा त्याची माहिती उपलब्ध नाही. 561 म्हणजे विनंतीवर नोंदलेली वेळ ठरलेल्या मुदतीपेक्षा जुनी आहे, तर 562 म्हणजे ती भविष्यातली आहे. या दोन्हींत संशय घ्यायचा तो यंत्राच्या घड्याळाचा, बोटाचा नव्हे. 565 हा क्रमांक योजना राबवणाऱ्या संस्थेच्या परवान्याची मुदत संपल्याचे सांगतो, म्हणजे त्यात दुकानदाराचाही काही संबंध नसतो.

वरचे सर्व क्रमांक ‘अंगठा लागत नाही’ या एकाच वाक्यात मिसळले की काय होते हे उघड आहे. 561 आलेल्या यंत्रापुढे एखादी वृद्ध स्त्री बोट पुसून पुसून ठेवत राहते, दुकानदार हाताला तेल लावून या किंवा उद्या या असे सांगतो, आणि दोघेही प्रामाणिकपणे तिच्या बोटाला दोष देतात. परवान्याची मुदत संपलेली असेल तर संपूर्ण परिसरातील बोटे एकाच सकाळी झिजल्यासारखी वाटतात. यंत्रणेला दोष कोणाचा आहे हे अचूक माहीत असते, तरी तो दोष निमूटपणे नागरिकाच्या शरीरावर ढकलला जातो. या लेखाचा मुख्य आक्षेप याच गोष्टीवर आहे.

विशेष म्हणजे आधारच्या प्रमाणीकरणाच्या तांत्रिक कागदपत्रांत बहुतेक क्रमांकांपुढे प्रोग्रामरसाठी दोन जास्तीच्या गोष्टी दिलेल्या आहेत: वापरकर्त्याला कोणता संदेश दाखवावा आणि त्याला किंवा यंत्र चालवणाऱ्याला कोणती सूचना द्यावी. म्हणजे कारण मुळात सांगितले जात नाही असे म्हणता येणार नाही. ते वाटेत हरवते, आणि हरवण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा म्हणजे कोडमधील एक सवय. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत लायब्ररीला अडचण आली की ती ‘एक्सेप्शन’ टाकते, म्हणजे नेहमीचा मार्ग सोडून अपवाद घडल्याचे कळवते, आणि ॲपने तो अपवाद झेलायचा असतो. घाईत लिहिलेल्या कोडमध्ये सगळे अपवाद एकाच ठिकाणी झेलले जातात आणि त्या सर्वांवर ‘प्रमाणीकरण अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा’ असे एकच वाक्य छापले जाते. कचेरीतल्या कारकुनाने कारणाचा शेरा न मारता अर्ज परत पाठवावा, तसे हे असते. अर्जदाराला काय दुरुस्त करायचे ते कळत नाही आणि दुसऱ्या खेपेलाही तोच अर्ज तसाच परत येतो.

दुसरी जागा म्हणजे थरांमधले सांधे. ई-केवायसीमध्ये प्रमाणीकरणाच्या वर आणखी एक थर असतो, आणि आतले प्रमाणीकरण फसले की तो वरचा थर ‘के-100’ हा क्रमांक देतो, ज्याचा अर्थ केवळ रहिवाशाचे प्रमाणीकरण झाले नाही एवढाच आहे. खरे कारण त्या उत्तराच्या आत गुंडाळलेल्या मूळ प्रतिसादात असते. ते उलगडून वाचण्याचे कष्ट घेतले नाहीत तर 300, 330 आणि 561 या तिन्हींचे रूपांतर एकाच निरुपयोगी क्रमांकात होते. त्याहून फसवा प्रकार स्कॅनरच्या बाबतीत आढळतो. बोटाचा ठसा घेणाऱ्या नोंदणीकृत उपकरणाची स्वतःची एरर-यादी आहे आणि तिच्यातले काही क्रमांक सर्व्हरच्या यादीतही आहेत, पण अर्थ पूर्ण वेगळे आहेत. उपकरणाच्या यादीत 730 म्हणजे ठसा घेता आला नाही आणि 740 म्हणजे उपकरण पुन्हा सुरू करावे लागेल. सर्व्हरच्या यादीत मात्र 730 म्हणजे विनंतीत पिन नाही आणि 740 म्हणजे ओटीपी नाही. दोन्ही याद्या एकाच तक्त्यात टाकणाऱ्या प्रोग्रामरचे ॲप स्कॅनरची वायर सैल असताना ओटीपी मागू शकते. म्हणून एररचा क्रमांक कधीही एकटा साठवू नये. तो कोणत्या थरातून आला हे त्याच्यासोबत नेहमी असले पाहिजे.

तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची आहे आणि डोंगराळ भागात तिचा प्रश्न रोजचा आहे. प्रमाणीकरणाच्या प्रश्नाला होय आणि नाही अशी दोनच उत्तरे असतात असे मानले जाते, परंतु प्रत्यक्षात तिसरी स्थिती असते, ती म्हणजे उत्तरच न येणे. पोलादपूरच्या घाटाखालच्या वाड्यांत मोबाइलचे नेटवर्क जाते-येते. 22 जुलै 2021 च्या सुमारास महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले तेव्हा वीज आणि दूरसंचार दोन्ही बंद पडले होते. अशा वेळी सर्व्हरने कोणालाही नाकारलेले नसते, कारण प्रश्न त्याच्यापर्यंत गेलेलाच नसतो. चांगली लायब्ररी ही स्थिती वेगळ्या प्रकारच्या अपवादाने कळवते आणि किती सेकंद वाट पाहिली हेही सांगते. ॲपने ती स्थिती ‘नाही’च्या रकान्यात टाकली तर एका पात्र माणसाची नोंद अपात्र अशी होण्याचा धोका असतो, आणि शासनाच्या आकडेवारीत नेटवर्कचा प्रश्न बोटांचा प्रश्न म्हणून उमटतो.

उत्तर न आल्यास तीच विनंती पुन्हा पाठवणे हा स्वाभाविक उपाय वाटतो, परंतु तेथेही एक खाच आहे. आधीची विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचली असेल आणि फक्त परतीचे उत्तर वाटेत गळाले असेल, तर तीच विनंती जशीच्या तशी पुन्हा गेल्यावर सर्व्हर 563, म्हणजे ‘हीच विनंती पूर्वी आली आहे’, असे उत्तर देतो. हा नियम योग्यच आहे, कारण कोणी चोरलेली जुनी विनंती पुन्हा पाठवून दुसऱ्याच्या नावावर धान्य उचलू नये यासाठी तो आहे. पण 563 चा अर्थ ‘ठसा चुकला’ असा लावणे ही चूक आहे. योग्य कृती म्हणजे बोट नव्याने घेऊन नवी विनंती तयार करणे. यावरून असे दिसते की एररच्या हाताळणीत संदेशाइतकीच पुढची कृतीही ठरलेली असावी लागते: कोणत्या कारणावर आपोआप पुन्हा प्रयत्न करायचा, कोणत्या कारणावर थांबायचे आणि कोणत्या कारणावर दुसरा मार्ग उघडायचा.

आता प्रश्नाची दुसरी बाजू, जी सुरक्षेची आहे आणि जिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. त्रुटीसंदेश प्रामाणिक माणसाप्रमाणेच चोरालाही वाचता येतो. एखाद्या संकेतस्थळाने ‘असे खातेच नाही’ आणि ‘पासवर्ड चुकला’ असे दोन वेगळे संदेश दिले, तर कोणालाही हजारो नावे टाकून त्यांपैकी कोणाची खाती आहेत याची यादी करता येते. म्हणून दोन्ही वेळा ‘नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ असे एकच वाक्य दाखवण्याचा नियम रूढ झाला. हा नियम जुना आहे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी 1979 मध्ये युनिक्स या कार्यप्रणालीच्या पासवर्डव्यवस्थेवर लिहिलेल्या निबंधात केवळ शब्द सारखे ठेवून भागत नाही हेही दाखवले होते. पासवर्ड तपासण्याचे संथ गणित आधी फक्त नाव खरे असेल तेव्हाच केले जात होते. परिणामी खऱ्या नावाला उत्तर सुमारे अर्ध्या सेकंदाने येत असे आणि खोट्या नावाला ताबडतोब, म्हणजे शब्द न बदलताही गुपित फुटत होते. उपाय म्हणून नाव खोटे असले तरी तेच गणित करण्याची व्यवस्था केली गेली. तरीही ही चूक पूर्णपणे गेली नाही; सर्व्हरवर दुरून प्रवेश करण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएच या सॉफ्टवेअरमध्ये नाव अस्तित्वात आहे की नाही हे प्रतिसादातील फरकावरून ओळखता येते, हे 2018 मध्ये उघडकीस आले.

एररचा फरक याहून खोल इजा करू शकतो हे डॅनियल ब्लाइशेनबाखर यांनी 1998 मध्ये सिद्ध केले. सुरक्षित संकेतस्थळांचे त्या काळचे सर्व्हर चुकीच्या पद्धतीने भरलेला सांकेतिक संदेश आला की तशी एरर परत देत. सुमारे दहा लाख मुद्दाम बिघडवलेले संदेश पाठवून आणि प्रत्येकाला कोणती एरर येते एवढेच पाहून मूळ गुपित उलगडता येते, असे त्यांनी दाखवले. सर्व्हर जे प्रामाणिकपणे सांगत होता तेच हत्यार ठरले.

लिनक्सवर प्रवेशाचे काम करणारी ‘पॅम’ ही लायब्ररी कारण सांगणे आणि गुपित राखणे या दोन्ही गरजा एकत्र कशा सांभाळाव्यात याचे चांगले उदाहरण आहे. ती ॲपला ‘वापरकर्ता अज्ञात’, ‘प्रमाणीकरण फसले’, ‘खात्याची मुदत संपली’, ‘प्रयत्नांची मर्यादा संपली’ अशी स्वतंत्र उत्तरे देते, म्हणजे कारण लपवत नाही. त्यांपैकी पहिली दोन उत्तरे पडद्यावर एकाच वाक्यात दाखवायची ही जबाबदारी वरच्या थरावर असते. आत अचूकता आणि बाहेर आवश्यक तेवढी गाळणी, ही विभागणी योग्य आहे. आक्षेप घ्यायचा तो सुरक्षेच्या नावाखाली सगळेच गाळण्यावर. अनोळखी माणूस जगाच्या पाठीवरून कोठूनही प्रयत्न करू शकतो अशा पासवर्डच्या दारासाठी केलेला नियम, जेथे माणूस स्वतः दुकानदारासमोर उभा आहे आणि यंत्र नोंदणीकृत आहे अशा रास्त भाव दुकानाला जसाच्या तसा लावण्यात विचारापेक्षा आळस अधिक आहे. यंत्राचे घड्याळ चुकले, नेटवर्क नाही, ओटीपीची मुदत संपली, बायोमेट्रिक तुम्हीच लॉक केले आहे, यांतले काहीही सांगितल्याने चोराच्या हाती उपयोगाचे काही लागत नाही.

पडद्यावर जे दाखवायचे नाही ते सर्व्हरवरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, पूर्ण तपशिलाने लिहावे लागते. परंतु तेथे उलट टोकाची चूक होते. प्रोग्रामर दोष शोधण्यासाठी संपूर्ण विनंतीच लॉगमध्ये ओततो आणि तिच्यासोबत पासवर्ड, ओटीपी किंवा आधार क्रमांकही साठतो. मे 2018 मध्ये ट्विटरला आपल्या सुमारे 33 कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याची विनंती करावी लागली, कारण पासवर्ड सांकेतिक रूपात जाण्यापूर्वीच एका अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. म्हणून लॉगमध्ये कारण, थर, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक असावा, गुपित नसावे. तोच व्यवहार क्रमांक पावतीवर छापला तर नागरिकाच्या हाती पुरावा राहतो आणि तक्रार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला त्यावरून आतली अचूक नोंद काढता येते. सुरक्षा आणि माहिती यांची सांगड घालणारा याहून सोपा उपाय नाही.

भाषेचा प्रश्नही येथे येतो. एका खात्याच्या आधारे दुसऱ्या ॲपमध्ये प्रवेश देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ओऑथ 2.0 या ऑक्टोबर 2012 च्या मानकात एररचे वर्णन फक्त मूळ इंग्रजी अक्षरसंचातच लिहिण्याचे बंधन आहे. देवनागरीतले एकही अक्षर त्या रकान्यात चालत नाही. याचे कारण ते वर्णन ॲप लिहिणाऱ्यासाठी आहे, वापरणाऱ्यासाठी नाही, असे तेच मानक सांगते. तरीही अनेक ॲप ते इंग्रजी वाक्य उचलून जसेच्या तसे पडद्यावर टाकतात किंवा यंत्राकडून त्याचे भाषांतर करवून घेतात. लायब्ररीकडून क्रमांक घ्यावा आणि त्यावरून वाक्य मराठीत नव्याने लिहावे, हीच योग्य रीत आहे. महाड-पोलादपूरच्या बाबतीत त्या वाक्याला गावचे वास्तवही ठाऊक असावे लागते. येथील अनेक घरांतली कर्ती माणसे मुंबईत असतात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आधारला मुलाचा मोबाइल क्रमांक जोडलेला असतो. ओटीपी मुंबईत कामावर असलेल्या मुलाच्या फोनवर जातो आणि तो फोनवरून कळवेपर्यंत मुदत संपते. मग 400, म्हणजे ओटीपी चुकीचा, असे उत्तर येते. ‘अवैध ओटीपी’ या दोन शब्दांऐवजी ‘ओटीपी आधारला जोडलेल्या, अमुक आकड्यांनी संपणाऱ्या मोबाइलवर पाठवला आहे, मुदत संपली असल्यास नवा मागवा, तो मोबाइल जवळ नसल्यास बोटाचा किंवा चेहऱ्याचा पर्याय निवडा’ असे लिहिले, तर महा ई-सेवा केंद्राची एक खेप वाचते.

प्रमाणीकरण फसले म्हणून हक्क नाकारता येत नाही, ही भूमिका कागदावर स्पष्ट आहे. मार्च 2018 मध्ये प्राधिकरणाच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात शासकीय सेवांमधील प्रमाणीकरणाच्या यशाचे प्रमाण 88 टक्के असल्याचे सांगण्यात आले, म्हणजे दर शंभरांत बारा प्रयत्न फसत होते. त्याआधीच, 24 ऑक्टोबर 2017 च्या परिपत्रकात, प्राधिकरणाने नेटवर्क नसणे किंवा ठसा न जुळणे या कारणांनी लाभार्थ्याला परत पाठवू नये, अन्य मार्गाने ओळख पटवून लाभ द्यावा आणि त्याची अपवाद नोंदवहीत नोंद करावी, असे कळवले होते. त्या नोंदवहीत कारणाचा रकाना भरायचा तर यंत्राने कारण सांगितलेले असावे लागते. सवच्या दुकानातील नोंदीत एका दिवशी ओळीने 561 दिसले तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेला यंत्राचे घड्याळ दुरुस्त करून घ्यायचे आहे हे कळते. तासन्‌तास उत्तरच आले नसल्याच्या नोंदी असतील तर प्रश्न टॉवरचा आहे. आणि एकाच आजीच्या नावापुढे महिन्यामागून महिना 300 येत असेल, तर तिला पुढच्या महिन्याच्या रांगेत पुन्हा उभे करण्यापूर्वी आधार केंद्रात तिचे ठसे नव्याने घेणे किंवा तिच्यासाठी बुबुळाचा अथवा चेहऱ्याचा पर्याय कायम उघडा ठेवणे हे काम कोणाचे, तेही त्याच ओळीवरून ठरवता येते.